पदकाचं दूध विरजेना

किटरेज : म्हणजे तुमच्या आईचं विरजण लागलं नाही, म्हणून मी आज संध्याकाळी नगरसभेत स्वतःचं हसं करून घ्यायचं?

ऑगस्टा : विरजणासाठी नाही, डॉक्टर. या नळीसाठी. खिडकीशी या, उजेडात धरा. खाली आम्ल आहे, वर हॅस्केल डेअरीचं दूध. दोन्हींच्या मधे काय दिसतं?

किटरेज : कडं आहे. जांभळं.

ऑगस्टा : फॉर्मॅलिन. सहा बाटल्या तपासल्या, साहींत कडं आलं. ही शेजारची नळी ओल्सन गवळ्याच्या दुधाची. हिच्यात नाही.

किटरेज : फॉर्मॅलिन म्हणजे, आपण बरणीत बेडूक ज्यात ठेवतो ते.

ऑगस्टा : तेच.

किटरेज : आणि मे महिन्यात शहरातलं सर्वांत स्वच्छ दूध म्हणून याच डेअरीला पदक दिलं आपण. शिफारस या प्रयोगशाळेची, सही तुमची. मी आरोग्याधिकारी म्हणून नुसता शिक्का मारला.

ऑगस्टा : हो. बाकीच्यांच्या दुधात जंतू लाखांनी, ओल्सनच्या नऊ हजार, हॅस्केलच्या नुसते अकरा. ताटलीतले जंतू मी तीनदा मोजले. मला आनंद झाला होता, डॉक्टर. गाईच्या दुधात अकराच जंतू कसे, हे त्या आनंदात विचारायचं राहिलं. जिवंत होते तेवढे मोजले. बाकीचे कशाने मेले, ते बघितलं नाही.

किटरेज : आणि ते तुमच्या आईला कळलं.

ऑगस्टा : ती दर शनिवारी वाडगाभर दूध विरजायला लावते. स्वीडनमध्ये लावायची तसंच. पदक मिळालं म्हणून मीच हॅस्केलची बाटली सुरू केली. तीन आठवडे विरजण लागेना. ती म्हणाली, गस्टा, तुझं पदकवालं दूध मेलेलं आहे. मी म्हटलं, तुझं विरजण जुनं झालं असेल. तिने शेजारणीकडून नवं आणलं, तेही लागलं नाही. तो वाडगा तिथे टेबलावर आहे. पाच दिवस झाले. जुलै चालू आहे आणि दूध अजून गोड आहे.

किटरेज : तीन आठवडे आईला खोटं ठरवलंत तर.

ऑगस्टा : ती मॅडिसनच्या विद्यापीठात गेलेली नाही ना. मी गेले.

किटरेज : बसा जरा. आता माझं ऐका, मधे बोलू नका. साडेतीन वाजलेत. सात वाजता दूध-कायद्यावर मतदान आहे. चार वर्षं मी या लोकांची दारं झिजवली. हॅस्केल कायम विरोधात. पदक मिळालं आणि पठ्ठ्या फिरला, येताना चार नगरसेवक घेऊन आला. ही पाच मतं गेली की कायदा आपटला. मग तुमची नळी तुमच्या हातात, आणि कुणाच्या गोठ्याचं दार उघडायचा हक्क आपल्याला नाही. एकदा कायदा होऊ द्या. पुढच्या आठवड्यात मी स्वतः त्याच्या डेअरीला टाळं लावतो.

ऑगस्टा : चौथ्या वॉर्डातलं बाळांचं दूध-केंद्र कधी उघडतंय?

किटरेज : ते मला माहीत आहे.

ऑगस्टा : उद्या सकाळी सहाला. गिरणीत जाणाऱ्या बायांची एकशे चाळीस बाळं. दूध हॅस्केलचं, कारण पदक. दिवसातून सहा वेळा, सात दिवस...

किटरेज : आकड्यांनी मारू नका मला.

ऑगस्टा : कायदा पुढच्या वर्षी परत मांडता येतो, डॉक्टर.

(दार न वाजवताच ओरिन हॅस्केल आत येतो. डेअरीचा मालक, सहाव्या वॉर्डाचा नगरसेवक. कोटावर पदकाची निळी फीत.)

हॅस्केल : डॉक्टर! रात्री जेवायला यायचं बरं का, कायदा झाला की. बायकोने हॅम भाजायला घेतलंय. आणि तुमचे ते ए. लिंडक्विस्ट कुठे बसतात? त्यांची सही चौकट करून दुकानात टांगली, पण माणसाचा हात हातात घेतला नाही अजून.

ऑगस्टा : मीच.

हॅस्केल : तुम्ही? अहो बाई, मी समजत होतो तुम्ही इथल्या नळ्या धुता.

ऑगस्टा : त्याही धुते.

हॅस्केल : सहीत तर नुसता ‘ए’ आहे.

ऑगस्टा : डॉक्टर म्हणाले होते, खाली बाईचं नाव दिसलं तर नगरसभा कागद वाचणार नाही.

किटरेज : खोटं नव्हतं ते, ओरिन. तू वाचला असतास?

हॅस्केल : नसता वाचला. बरं, एकोणीसशे दहा साल आहे, काय काय बघावं लागेल. आणा हात इकडे.

ऑगस्टा : आधी ऐका, मिस्टर हॅस्केल, मग द्यायचा तर द्या. तुमच्या दुधात फॉर्मॅलिन आहे. पदक मी परत घेते आहे.

हॅस्केल : फॉर्मॅलिन काय? ते औषध म्हणताय होय, ‘दुधाचा राखणदार’? दोन थेंब टाकतो कॅनला. फिरता विक्रेता देऊन जातो. सगळा परगणा टाकतो.

किटरेज : राज्याची बंदी आहे त्याला.

हॅस्केल : बाटलीवर विष लिहिलेलं नाही, डॉक्टर. बाई, तुम्ही शिकलेल्या, म्हणून तुम्हाला सांगतो. माझी धाकटी बहीण अकरा महिन्यांची गेली. ऑगस्टचा उकाडा, घरात बर्फ नाही, आईने होतं ते दूध पाजलं. नासकं. तेव्हा हे दोन थेंब असते तर ती आज मोठी बाई झाली असती. आणि तुम्ही मला चोर ठरवताय.

ऑगस्टा : चोर नाही म्हटलं. तुमच्या बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. तुम्हाला दूध किती शेतकरी घालतात?

हॅस्केल : चौदा.

ऑगस्टा : विक्रेता त्यांच्याकडे जातो?

हॅस्केल : म्हटलं ना, सगळा परगणा.

ऑगस्टा : म्हणजे कॅनमधे दोन थेंब त्यांचे. गाडी उन्हात उशिरा निघाली तर गाडीवान दोन टाकतो. डेअरीत तुमचे दोन. रविवारचं दूध सोमवारी विकायचं असेल तर आणखी दोन. एकूण किती होतात, हे तुमच्याकडे कुणाला सांगता येईल?

हॅस्केल : तो वाडगा माझ्याच दुधाचा ना? द्या इकडे.

किटरेज : ओरिन, वेडेपणा करू नकोस.

हॅस्केल : हा प्यालो. सगळा. उभा आहे ना मी? चव एक नंबर.

ऑगस्टा : तुमचं वजन किती?

हॅस्केल : दोनशे तीस पौंड. का?

ऑगस्टा : चौथ्या वॉर्डातल्या बाळाचं नऊ असतं. तुम्ही आज एक वाडगा प्यालात आणि घरी जाऊन हॅम खाणार. ते दुसरं काही खात नाही. आणि नासकं दूध आईला वासाने कळतं. हे कळत नाही. तुम्हालासुद्धा कळलं नाही.

हॅस्केल : डॉक्टर, हिला आवरा. मी सभेत उभा राहून एवढंच विचारीन, मे महिन्यात पदक देणारी प्रयोगशाळा जुलैत विष म्हणते, तर त्यांनी थाप कधी मारली? मेमधे की आत्ता?

ऑगस्टा : मेमधे. थाप नव्हती, चूक होती. माझी. तुम्ही विचारायच्या आधीच लोकांनी ती वाचलेली असेल. आज गुरुवार आहे. दर गुरुवारी दुधाच्या तपासणीचा तक्ता सायंदैनिकात छापून येतो, आणि मी तो चार वाजता स्वतः नेऊन देणार आहे.

हॅस्केल : खात्याचा शिक्का नसला तर तक्ता छापत नाहीत ते.

ऑगस्टा : मग वाचकाचं पत्र म्हणून देईन.

हॅस्केल : आणि उद्यापासून कामावर येणार नाही.

ऑगस्टा : ते डॉक्टरांनी ठरवायचं.

हॅस्केल : पाच मतं मी नेतो, डॉक्टर. तुमच्या डोळ्यांदेखत.

ऑगस्टा : न्या.

किटरेज : ते मला म्हणाला तो, मिस लिंडक्विस्ट.

ऑगस्टा : माफ करा.

हॅस्केल : सूनबाईंना मीच सांगितलं होतं. आमच्या क्लॅराला. तिची मुलगी पाच महिन्यांची आहे. म्हटलं, बाटली आपल्याच डेअरीची घ्यायची, पदकाची. तिला आता कुठलं दूध द्यायचं?

ऑगस्टा : ओल्सनचं. उकळून.

हॅस्केल : ओल्सनचं. अठरा गाईंचा ओल्सन.

ऑगस्टा : हो.

हॅस्केल : येतो मी, डॉक्टर. सातला भेटू. मतं मात्र गेली म्हणून समजा.

किटरेज : गेला. एवढ्या वर्षांत दार हळू लावलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

ऑगस्टा : चारला दहा कमी आहेत.

किटरेज : केंद्रात उद्या काय ओतणार? पाणी?

ऑगस्टा : ओल्सनचंच. सकाळी जाऊन विचारून आले. एकशे चाळीसांना पुरतं, उकळून देऊ. चूल मी आणि आई सांभाळू.

किटरेज : मला विचारायच्या आधी.

ऑगस्टा : तुम्ही नाही म्हणाला असतात तर दूध तरी ठरलेलं असावं, म्हणून.

किटरेज : आणा तो तक्ता. ‘हॅस्केल डेअरी. पदक परत घेतलं आहे. दुधात फॉर्मॅलिन. मेमधली चूक मोजणाऱ्याची. दूध खराब असल्याचं प्रथम एका गृहिणीच्या लक्षात आलं, कारण ते विरजेना.’ हे शेवटचं ठेवायचंच का? हसतील लोक.

ऑगस्टा : हसू देत. उद्या शहरातली प्रत्येक बाई वाडगा लावून बघेल. त्याला ना गोठ्याचं दार उघडावं लागतं, ना कायदा लागतो.

किटरेज : हं. पण खाली सही पुन्हा ‘ए.’ केली आहे तुम्ही.

ऑगस्टा : हात वळतो तसाच. द्या, खोडते. पेन आहे?

किटरेज : घ्या.

ऑगस्टा : पूर्ण नावाला जागा पुरत नाही. शिक्क्याच्या चौकोनात जातंय.

किटरेज : लिहा तुम्ही. शिक्का मी बाजूला मारतो.