राक्षसिणीची भाकरी

राक्षसीण खरी वाटायला नुसते सुळे देऊन भागत नाही, हे मला शेजारच्या कौसानं शिकवलं. नाहीतर मला शिकवणारं माणूस सहसा सापडत नाही.

माझ्या कादंबरीत गुहेतली राक्षसीण पोरं धरून खाते. तिला मी बिनधास्त कौसाचा आवाज आणि चाल दिली. ओट्यावर बायकांना वाचून दाखवलं, तेव्हा कौसाची सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. कौसा ताडकन उठली.

"आक्का, ही मीच हाय ना?"

"व्हय, तूच. काय म्हणणं हाय?"

"पोरं खाती म्हणून खुशाल लिव. पर हिची भाकरी तव्यावर चिरते म्हणून का लिवलं? माझी चिरली व्हय कवा? सुनेपुढं इज्जत घालवली माझी!"

भाकरीचं मी पदरचंच घातलं होतं. कुणाच्या सांगण्यावरून मी ओळ बदलत नाही, पण ही बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. आता राक्षसिणीची भाकरी अशी टम्म फुगते, की वासानं पोरं आपल्या पायानं गुहेत येतात.

कौसा खूश होऊन सुनेकडे वळली.

"बघ! शिक जरा त्या राक्षसिणीकडून."