वणी दीड तासावर, रजा सुरतला

...आणि वर मालक म्हणतात काय, सोमनाथ, एकच तर ओळ आहे! तुम्हाला सांगतो, माझ्या आयुष्याचं दीड वर्ष त्या एका ओळीत गेलंय. अहो, नाशिकहून वणी किती लांब? दीड तास! सकाळी निघालं, गडावर देवीची ओटी भरली, संध्याकाळी घरी. एका दिवसाचं काम. माझं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या मंगलानं नवस बोलला, हे बरे झाले तर साडीचोळीनं ओटी भरीन. मी बरा झालो. साडी येवल्याहून आणली. ती साडी कपाटात आणि मी अंबडच्या कारखान्यात. मंगला म्हणते, ‘बरे तुम्ही झालात, मग बरोबर तुम्ही नको यायला?’ खरंय. पण देवीचा वार मंगळवार, सुट्टीचा नाही. मग रजा?

आता तुम्ही म्हणाल, असं काय काम करतो हा? स्टोअर सांभाळतो हो! कांदा निवडायच्या मशीनचा कारखाना आमचा, त्यातले नटबोल्ट, बेअरिंग, पट्टे मोजून देणारा माणूस मी. पण एकदा, एकदाच, आमचे मालक चंदरशेठ कॉम्प्युटरचा पासवर्ड विसरले आणि तो मला आठवला. त्या दिवसापासून कारखान्याची वेबसाइट माझ्या गळ्यात. तीही एक नाही, चार भाषांत, चार वेगवेगळ्या! मराठी, हिंदी, गुजराती आणि सटाण्याकडच्या गिऱ्हाइकांसाठी अहिराणी. भाषांतराला कुणीतरी ठेवू म्हटलं तर शेठ म्हणाले, ‘पैसे कशाला? घरात माणसं आहेत की.’

घरातली माणसं म्हणजे कोण, ऐका. हिंदी मी, टीव्ही बघून. अहिराणी शेठच्या मावशी, सटाण्याच्या ठमाबाई. त्यांना फोन लावायचा की आधी ‘जेवण जयं का?’, मग माझ्या गुडघ्याची चौकशी, मग त्यांच्या गुडघ्याची, मग तिन्ही सुनांची, आणि तासाभरानं ती ओळ. आणि गुजराती कोण, तर शेठचे जावई, सुरतचे राजसाहेब! ‘करतो ना काका, काय घाई आहे... जरा मूड लागतो.’ मूड चार दिवस लागत नाही. पुन्हा फोन करू का विचारलं तर शेठ डोळे मोठे करतात, ‘जावयाला दोनदा आठवण करायची नसते, बरं दिसत नाही.’ म्हणजे मशीनच्या पट्ट्याची रुंदी बदलली तरी चार वेबसाइटा, चाळीस-चाळीस पानं, एक मावशी, एक जावई... आणि म्हणे एकच तर ओळ आहे!

बरं, मी रजा मागितली. शेठ चांगला माणूस हो, लगेच म्हणाले, ‘जा की, देवीचं काम आहे. फक्त वेबसाइटवर तुझा नंबर आहे ना, तेवढं टाक, मंगळवारी सोमनाथ रजेवर. एकच तर ओळ आहे.’ मी टाकलं. मराठी झालं, हिंदी झालं, ठमाबाईंनी दोन गुडघ्यांसकट अहिराणी दिलं. गुजराती आलं बुधवारी! मंगळवारी मी स्टोअरला. म्हटलं, शेठ, तीन भाषांत चालवून घ्या ना. तर म्हणाले, ‘आणि सुरतच्या गिऱ्हाइकानं फोन केला तर? त्यांना काय वाटेल?’ अहो, माझ्या बायकोला काय वाटेल? पण बोलतो कोण. असं पाच वेळा झालं. पाच मंगळवार!

शेवटी मीच कॉलेज रोडवरच्या तृप्तीला गाठलं. वेबसाइटचीच कामं करते, पोरगी हुशार. तिनं शेठना समजावलं, ‘सर, चार साइट ठेवूच नका. एक ठेवा. सगळा मजकूर एका तक्त्यात, चार भाषा शेजारी शेजारी. मराठीची ओळ बदलली की शेजारच्या तीनच लाल होतील. लाल तेवढंच भाषांतर, बाकीच्याला हात लावायचा नाही, पानं आपोआप बदलतील. गुजरातीला माझ्याकडं माणूस आहे, तासाभरात देतो. दोन दिवसांच्या कामाला अर्धा दिवससुद्धा लागणार नाही, खर्चही कमी.’ शेठना पटलं! मला खरंच रडू आलं हो. पट्ट्याची रुंदी बदलून पाहिली, जेवणाच्या सुट्टीआधी चारही भाषा तयार. मी मंगलाला फोन केला, साडीला इस्त्री कर.

आणि शेठनी विचारलं, ‘यात जावईबापू कुठं आहेत?’

तृप्ती बिचारी खरं बोलली. ‘त्यांची गरज नाही, सर.’

शेठ म्हणाले, ‘असं कसं? रुसतील. लेक आहे माझी त्या घरात. त्यांच्यासाठी एक बटण ठेव. त्यांनी मंजूर म्हटल्याशिवाय काही पुढं जायचं नाही. मान असतो एकेकाचा.’ ठेवलं बटण! आता सगळं पटापट होतं, तासात होतं, आणि मग तिथं लिहून येतं, सुरतची मंजुरी बाकी. पूर्वी एक भाषा अडायची, आता चारही अडतात.

गेल्या मंगळवारी मंगला एकटीच गेली. एसटीनं. वाट बघून थकली हो, मला फार लागलं ते. संध्याकाळी प्रसाद हातावर ठेवला, म्हटलं, चला, नवस फिटला, सुटलो. तर म्हणाली, ‘सुटताय कुठं? तुमची दशा बघवेना, म्हणून देवीला नवा नवस बोलून आलेय. ह्यांची त्या कामातून एक दिवस सुटका कर, दोघं जोडीनं पाया पडायला येऊ.’

म्हणजे बघा, देवी पावली की मला जायलाच हवं, आणि मी गेलो तरच ती पावली म्हणायची! आज सकाळी शेठना सांगितलं. ते म्हणाले, ‘अरे मग जा की... एकच तर ओळ आहे.’

टाकलीय. सुरतला मूड लागायचाय.