आम्ही निवडलेली बोट

अहो, अशी टिचकी मारून काय कळणार, कलिंगड आहे का ते? इकडे या, मागच्या बाजूला — हां, इथे तळहात दाबून बघा. लागतंय ना टणक? फायबरचं काम माझंच आहे. पस्तीस वर्षं हेच करतेय मी या आवारात, डंकर्क बंदरातल्या निम्म्या बोटी माझ्या हाताखालून गेल्यात. त्यामुळे बोट चांगली आहे का, हे विचारूच नका — चांगलीच आहे. कुठे घालणार ते सांगा. जेम्सटाउनचे ना तुम्ही? मग तुमच्या शटाक्वाच्या तळ्यात घाला, म्हातारपणापर्यंत पुरेल. काय? नाही, नाही — इथे? ईरी तळ्यात? व्हॅन ब्युरनच्या खडकांवर बास मासे धरायला? मग ही नको. मीच सांगतेय, विकणारी बाई, की ही नको.

असं बघू नका, वेड नाही लागलं मला. ऐका. हे पाणी नकाशात समुद्राएवढं दिसतं, पण खोल नाही. उथळ पाण्यात लाट उंच होत नाही, उभी होते — आणि एकीच्या पाठीला दुसरी चिकटलेली. वारा नैऋत्येचा, तो टोलीडोपासून जो सुटतो त्याला अडवायला मध्ये काही नाही, थेट आमच्या अंगावर. सकाळी नऊला आरशासारखं पाणी आणि एकला छातीएवढ्या लाटा, असं मी महिन्यातून चारदा बघते. हिच्यासारखी अठरा फुटी बोट त्या दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात बरोब्बर बसते, जणू माप घेऊन खणलाय. एकवीस फूट पाहिजे, म्हणजे पुढचं टोक पुढच्या लाटेवर असताना मागचं मागच्या लाटेवर टेकलेलं असतं. आणि पुढचं टोक कसं, तर सुरीसारखं खोल कापणारं, ताटासारखं चपटं नाही. ही बघा हिची — ताट. सपाट पाण्यात उडते नुसती. लाटेवर आपटते, आणि दहा मैल आपटलात की दात मोजून घ्यावे लागतात.

काय दाखवताय फोनमध्ये? आणा. हं — ताशी पंचाहत्तर मैल. बरं. इथे वाऱ्याच्या दिवशी तुम्ही अठराने चालणार, अठराने, आणि तेही देवाचं नाव घेत. वेग कशाला पाहतात लोक कुणास ठाऊक. कठडा किती उंच आहे ते बघा, आत उभं राहिलात तर गुडघ्याच्या वर येतो का बघा. वजन बघा — हलकी बोट वाऱ्यात चिरमुऱ्यासारखी उडते, जड बोट पाण्याला धरून राहते. पाणी उपसायचे पंप दोन पाहिजेत, एक नाही, आणि दोन्हींच्या तारा वेगळ्या. पुढच्या छोट्या मोटरचा दांडा लांब घ्या, पाच फुटी, नाहीतर बोट लाटेवर चढली की पंखा हवेत गरगरतो आणि तुम्ही खडकांवरून वाहून जाता. आणि धरलेले मासे जिवंत ठेवायची टाकी — हे कुणी सांगणार नाही तुम्हाला — टाकीत पाणी खेचणारं भोक खूप मागे आणि खूप खाली पाहिजे. बोट उसळली की भोक उघडं पडतं, पंप हवा ओढतो, आणि पाच मासे पांढरी पोटं वर करून तुमची वाट बघतात.

कसं ठाऊक म्हणजे? पस्तीस वर्षं सांगितली ना. बरं, खरं सांगायचं तर ही यादी वहीत आहे. माझ्याच अक्षरात. दोन हिवाळे बसून केलेली. मी आणि मार्जी. मार्जी माझी जोडीदार — होती. पोस्टात होती ती, आता निवृत्त. एकोणीस वर्षं आम्ही दोघी मासे धरायच्या जोडीच्या स्पर्धांना उतरत होतो, या बंदरात पहिल्यांदा उतरलो तेव्हा बाप्ये हसले होते, तिसऱ्या वर्षी हसायचे बंद झाले. तर दोन हिवाळे दर मंगळवारी माझ्या स्वयंपाकघरात टेबलावर सगळी माहितीपत्रकं पसरलेली, ती यायची पिएरोगीचा डबा घेऊन, आणि आम्ही बोट निवडायचो. क्लीव्हलंडच्या प्रदर्शनाला गेलो, प्रत्येक बोटीत चढून मी गुडघ्यावर बसून तळाकडची झाकणं उघडली, तारा कशा ओढल्यात ते बघितलं, आणि मार्जी विक्रेत्याला बोलण्यात गुंतवायची. नोव्हेंबरात एकाने चालवायला बोट दिली, तो म्हणाला उद्या वारा आहे, परवा जाऊ. मी म्हटलं, उद्याच जायचंय. वाऱ्यात बघितली ती बोट मी. कॉफीचा प्याला हातात धरून बसले होते, तीन फुटी लाटांत, आणि मांडीवर दोन थेंब सांडले फक्त. दोन. मार्जीकडे बघितलं, तिने मान हलवली. ठरलं. रंग करडा, तो मी निवडला. डावीकडची खुर्ची झटके शोषणारी, ती माझ्यासाठी, माझ्या कंबरेसाठी — तिनेच लिहायला सांगितली वहीत. तिने. हे लक्षात ठेवा.

मग मे महिना. मी बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर गेले होते, एका गिऱ्हाइकाचा पंप अडकला होता म्हणून, हात तेलाने बरबटलेले. आणि मागे गाडी येते, गाडीच्या मागे बोट. एकवीस फूट. करडी. डावी खुर्ची तीच. मला आधी काय वाटलं सांगू? हसाल. पुढच्या आठवड्यात माझा वाढदिवस होता. वाटलं, मला न सांगता आणली, मला चकित करायला. मी तिथे उभी, बरबटलेले हात मागे धरून, बावळटासारखी हसत. बोट पाण्यात सरकली. मार्जी चाकाजवळ. आणि पुढे दोर धरून लाइफ जॅकेट घातलेली — टेस. माझी मुलगी. जी दोन वर्षं बोटीत पाय ठेवायला तयार नव्हती, उतारावरसुद्धा यायची नाही, ती. मार्जीची नजर माझ्यावर गेली आणि तिने मोटर बंद केली. म्हणाली, “आर्लीन, आम्ही तुला सांगणारच होतो.” झालं. एकोणीस वर्षांचं एवढं एक वाक्य. टेस दोर गुंडाळत राहिली, डाव्या हाताने. मी पंप काढून दिला त्या माणसाचा आणि घरी आले. नंतर कळलं की उन्हाळ्यातल्या सगळ्या स्पर्धांना दोघींनी नावं दिलीत, जानेवारीतच. जानेवारीत ती मंगळवारी माझ्याकडे येऊन माझ्या टेबलावर बसून मला विचारत होती की टाकीचं भोक कुठे असावं.

आणि ऐका, याहून वाईट म्हणजे — टेस गुरुवारी गुरुवारी जायची, मला सांगायची व्यायामाला जाते, खांद्याच्या. दवाखान्यात. मी कधी उलटून विचारलं नाही. ती मार्जीबरोबर शाळेच्या मैदानावर जायची. डाव्या हाताने गळ फेकायला शिकत होती. दोन हिवाळे, बर्फात. सगळ्या गल्लीला माहीत, मला नाही. उजवा हात तिचा खांद्याच्या वर जात नाही ना. तो — हो, तो बोटीतच मोडला.

याच बोटीत. तुम्ही हात ठेवलाय ना, त्याच्या जरा पुढे, त्या खुर्चीच्या पाइपावर आपटला.

सांगते. लपवायचं काय त्यात. तीन वर्षं होतील सप्टेंबरात. शेवटची स्पर्धा. मार्जी बहिणीकडे गेली होती, बहीण आजारी, म्हणून तिच्या जागी टेस. तिला माशांचं फार वेड नव्हतं तेव्हा, माझ्यासाठी आली. सकाळ अशी की काय सांगू, सगळ्या गावभर द्राक्षांचा वास, पाणी तेलासारखं. दहापर्यंत चार मासे टाकीत, सगळे चार पौंडांच्या वर. पाचवा तेवढा राहिला, पाचांचं वजन धरतात. दुपारनंतर वारा आहे हे रेडिओवर सांगितलं होतं, पण ते रोजच सांगतात हो. अकराला टेस म्हणाली, आई, पश्चिमेला पाणी काळं झालंय. मी म्हटलं, अजून एकदा खडकांवरून वाहत जाऊ. बाराला परत म्हणाली. मी म्हटलं, एकदाच. सव्वाला मिळाला तो — पावणेपाच पौंड, ताठ, कुत्र्यासारखा ओढत होता. दीडला फिरलो.

वारा मागून. लोकांना वाटतं मागून वारा म्हणजे बरं, ढकलतो. मागूनचा वाईट. लाटेच्या माथ्यावरून बोट खाली घसरते आणि पुढचं टोक पुढच्या लाटेत घुसतं — ताट सांगितलं ना मघाशी, ते ताट पाण्याखाली गेलं आणि सगळं पाणी आमच्या मांडीवर. टेस उडाली आणि खांद्यावर पडली. मोटर गुदमरून बंद. एक लाट मागून आत. पंप एकच. मी मोटरवर ओणवी, आणि ही पोरगी एका हाताने बादलीने पाणी बाहेर टाकतेय, दुसरा हात नुसता लोंबतोय, आणि ओरडत नाहीये, एक शब्द नाही. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मोटर लागली. लावली मी. कुणा दुसऱ्याला जमली नसती, हे तीसुद्धा मान्य करेल. तासभर रांगत रांगत बोट बंदरात आणली मी.

मग? मग काय — मग वजन. काटा तीनला बंद व्हायचा आणि तीनला दहा मिनिटं होती. अहो, धक्क्यावरच काटा, पन्नास पावलं. दवाखाना काय पळून जात होता का? टेसला गाडीत बसवलं, तिच्या मांडीवर माझा कोट टाकला, म्हटलं आलेच. आलेच म्हणजे — रांग होती. पुढे चौघं होते. पाच मासे पिशवीत, मेलेला एकही नाही. बावीस पौंड, तिसरा नंबर. आणि तिने खिडकीतून बघितलं मला, काट्याजवळ उभी असताना. लोक टाळ्या वाजवत होते, मी पिशवी उचललेली. मी हसले होते का? हसले असेन. फोटो काढत होते ते.

तुम्ही काय बघताय असं? तिला कुणी विचारलं नव्हतं का, दुखतंय का म्हणून? विचारलं. मी विचारलं. ती म्हणाली, जा तू.

बरं, ते जाऊ द्या. मी बोटीबद्दल बोलत होते. त्या दिवसानंतरच ठरलं होतं ना की मोठी बोट घ्यायची, म्हणजे पुन्हा असं होणार नाही. चूक बोटीची होती हे सगळ्यांनी धरूनच घेतलं होतं — निदान मला तसं वाटत होतं. म्हणून तर मी वही केली. दोन पंप. खोल कापणारं टोक. सगळं. मी त्यांच्यासाठी अशी बोट शोधून काढली की तिला काही म्हणजे काही होणार नाही, आणि त्यांनी ती घेतली आणि मला किनाऱ्यावर ठेवलं. परवा वीस मैलांचा वारा होता, तेव्हा बघितलं मी इथून. अकरालाच परत आल्या. तसली बोट बुडाखाली असताना, अकराला! तीन फुटी लाटांत कॉफी पिता येते तिच्यात आणि या दोघी धक्क्याला दोर बांधून सँडविच खात बसल्या. हसत होत्या. टेसला मी तशी हसताना — असो.

नाही, तोंडावर कुणी काही बोललं नाही. म्हणजे भांडण असं झालंच नाही. एकदा फक्त, फेब्रुवारीत, शेवटच्या मंगळवारी. टेसही होती त्या दिवशी, मार्जीने तिला मुद्दाम बोलावलं होतं, ते आता कळतंय मला. वही उघडी, सगळं ठरलेलं, पैसे भरायचे बाकी. आणि टेस मध्येच म्हणाली, “आई, वारा वाढला आणि मी म्हटलं फिरव, तर फिरवशील?”

मार्जी खाली बघत होती, टेबलाकडे. मला वाटलं काय हा प्रश्न, मी काय पोर आहे?

काय म्हणाले? खरं तेच म्हणाले. म्हटलं, किती मासे झालेत त्यावर आहे.

टेस उठली आणि कपबशा धुवायला लागली, एका हाताने. मार्जीने वही मिटली, म्हणाली उशीर झाला. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले, म्हटलं पुढच्या मंगळवारी ये. हो म्हणाली.

तुम्ही जा आता. खरंच जा, जेम्सटाउनला जाईपर्यंत तासभर लागेल. शटाक्वासाठी घ्यायची असेल तर उद्या फोन करा. मी उचलेन. आज मला काम आहे. फाटक ओढून घ्या, वाऱ्याने आपटतं ते.