पाच बिनचूक वाक्ये

...ते आधी गळ्यातनं काढा, मास्तर, मग बोलू. — कॅमेरा आहे, तोफ नव्हे, हे मलाही दिसतंय. उभा जन्म तालुक्याच्या कचेरीत कारकुनी केली, वस्तू ओळखता येतात मला. पण देवकी यायच्या आत तो पिशवीत गेला पाहिजे. देवकी कोण? देवकी म्हणजे तुमच्या शाळेचं नशीब! दिग्गीच्या वर जी वाडी तुमच्या वाट्याला आलीय ना, तिथं शाळेला छप्पर आहे, फळा आहे, खडूसुद्धा आहे — मुलं नाहीत. बरीच वर्षं नाहीत. पहिली येईल ती देवकीची गिरजा, मग तिच्या मागनं बाकीची. वाडी तशीच आहे, एक म्हैस पाण्यात उतरली की सगळ्या उतरतात. गेलं सालभर मी त्या बाईला विनवतोय. परवा बाजारात कणगं, ते रताळ्यासारखे कंद, विकायला आली होती, तेव्हा म्हणाली, 'मास्तराक पळयतां, मागीर सांगतां' — आधी मास्तर बघते, मग सांगते. म्हणजे आज ती तुम्हाला बघायला येतेय, पोरीला घेऊन. आणि तुम्ही हे असे छातीवर घालून बसलाय.

हो हो, चित्रपाठ. माहीत आहे मला. मुलाच्या ओळखीची वस्तू, तिचा फोटो, आणि फोटोखाली मुलानं स्वतः रचलेली पाच वाक्यं. तुम्ही ट्रेनिंग कॉलेजात बाकावर बसून शिकलात, मी डोळ्यांनी बघितलंय. कुठं म्हणजे काय — त्याच वाडीत! तुमच्या पुंडलिकसरांनी तो पाठ शोधला तो त्याच शाळेत, त्याच फळ्यापुढं. हे नाही सांगितलं त्यांनी? वाटलंच.

पद्धत वाईट होती असं मी म्हणत नाही. खोटं कशाला बोलू? चांगली होती. तेव्हा आम्ही मुंबई राज्यात होतो — आता म्हैसूर राज्यात आहोत. पाटी बदलली, कौलं तीच गळतात — तर तेव्हाच्या पुस्तकात आगगाडीचं चित्र असायचं. त्या पोरांनी आगगाडी कधी बघितली होती? या पुंडलिकनं पगारातनं एक डबा कॅमेरा घेतला, रीळ धुवायला बेळगावला पाठवायचा, आणि फोटो आले की पोरं त्यांना नाक लावायची — आपली म्हैस, आपलं खळं, आपला बाप! रडत येणारी पोरं सुट्टीच्या दिवशी शाळेच्या दारात. आणि त्यांत देवकीची थोरली, बाळी — काय अक्षर, मास्तर! कचेरीत आम्ही मोठमोठ्यांचे अर्ज वाचायचो, ते तिच्यापुढं कोंबडीनं उकरल्यासारखे.

तर बाळीच्या वाट्याला तिच्या बापाचा फोटो आला. झिलू, देवकीचा नवरा. कोयता खांद्यावर, मागं सगळा डोंगरउतार धुरानं भरलेला, मधोमध हा हसतोय. कुमरी जाळत होता. कुमरी तुमच्याकडं नसेल — उतारावरची झाडी तोडायची, वाळली की जाळायची, पाऊस पडला की राखेत नाचणी. बापजाद्यांपासून हेच. सरकारनं बंदी घातलेली, पण साहेब डोंगर चढत नव्हते आणि झिलू उतरत नव्हता, त्यामुळं दोघांचं बरं चाललं होतं. बाळीनं खाली लिहिलं — मला पाठ आहे — 'हे माझे वडील आहेत. वडिलांनी झाडे तोडली. झाडे वाळल्यावर त्यांनी ती जाळली. धुरामागे आमची कुमरी आहे. राखेत आम्ही नाचणी पेरू.' पाच वाक्यं, एक काना इकडचा तिकडं नाही. मास्तरांनी दहापैकी दहा दिले.

पुढं? पुढं प्रदर्शन. शिक्षणखात्याचे तपासनीस यायचे होते, तर नुसते तेच कशाला — तालुक्यातली सगळी थोर मंडळी बोलवा! त्यात जंगलखात्याचे साहेब अध्यक्ष. आता हसू नका. नारळ, हार, खुर्ची. बाळीनं फोटोपुढं उभं राहून पाचही वाक्यं खणखणीत वाचली. टाळ्या! साहेबांच्या सगळ्यात मोठ्या. म्हणाले, मास्तर, हा फोटो मला द्या, ऑफिसात लावतो. आणि मास्तरांनी स्वतःच्या हातांनी, वाक्यांसकट, पुठ्ठ्यावर डकवून दिला. धन्य वाटलं त्यांना.

इथवर गाढवपणा शिकल्यासवरल्या माणसाचा. पुढचा झिलूचा. त्याला वाटलं, माझा फोटो साहेबाच्या कचेरीत लागलाय, तर जाऊन बघायला पाहिजे! धुतलेलं धोतर, केळ्यांचा घड, निघाला. वाटेत माझ्या घराच्या याच पायरीवर पाणी प्याला. म्हणाला, 'बापू, आमी आता भिंतीर चडलो!' मीही हसलो. तिथं गेला तर फोटो भिंतीवर नव्हता, मेजावर होता. विचारलं, हा तूच का रे? हा आनंदानं म्हणाला, 'हांवच तो, साहेबा! आनी ती आमची कुमरी.' साहेबांनी केळी ठेवून घेतली, कबुलीवर अंगठाही घेतला.

झिलू तुरुंगात गेला, वाडीचा सगळा उतार बंद झाला. सुटला तो दांडेलीकडं बांबू तोडायला, तिकडंच तापानं गेला. ही गिरजा तेव्हा दुपट्यात. मी पुष्कळ विचार करतो, मास्तर — पोरगी शुद्धलेखनात कच्ची असती, तर बाप वाचला असता. बाळीला अणशीला दिलीय. जत्रेत दिसली होती, हातात लेकराच्या औषधाची बाटली. म्हटलं, वर काय लिहिलंय वाच की गं. 'माका वाचूंक येना, बापू.' — आणि नजर ओळीवरनं सरळ फिरली होती, मी बघितली.

आणि पुंडलिकला बढती. 'नव्या अध्यापनाचा प्रयोग.' वर्गात तो फोटो दाखवतो का हो अजून? धुरातला? — दाखवतो! मोठा करून? बरं. नाव सांगतो त्या माणसाचं? ...'एक वनवासी शेतकरी.' वा. नाव झिलू म्हणून लिहून ठेवा. आणि माझ्याबद्दल काय म्हणाला? — 'तिथं एक रिटायर्ड क्लार्क आहेत, ओळखीचे, ते मदत करतील.' ओळखीचे!... हं. असू दे. ओळख आहे खरी. जन्मला तेव्हापासूनची. त्याची आई गेली तेव्हा आला होता, त्यानंतर नाही. इथनं वाडीची वाट दिसते ना, म्हणून बसवत नसेल त्याला इथं. मला बसवतं. देवकीला ठाऊक आहे मी कुणाचा बाप ते, तरी बाजारच्या दिवशी ती याच पायरीवर टोपली टेकते. का, ते मी विचारलेलं नाही. तिचं ते टेकणं मोडायला नको, एवढंच बघतो.

तुमचं चांगलं असेल हो मन! त्याचंही चांगलंच होतं. पण निदान आज तरी — काय, पट्टा अडकलाय? मघापासनं सांगतोय, डोक्यावरनं ओढा, असा — थांबा, पाऊल वाजलं. मागं करा, पाठीमागं! — ये गे देवकी, ये, बस. हे आमचे नवे मास्तर. गिरजा, ये बाय, भिऊ नको — देवकी? अगो, तसलं काही न्हाई, ऐक तरी — देवकी!

...गेली.

उठू नका. धावणाऱ्या माणसाला ती वाडी जास्त भिते. पिशवीत घालताय? घाला, आता घाला. — पोरीनं मागं वळून बघितलं, दिसलं तुम्हाला? आई ओढत होती आणि ती तुमच्या छातीकडं बघत होती, हे काय आहे म्हणून. तिला हवं होतं ते.

शाळेची वाट हीच. ती गेली तीच. पण ती पलीकडच्या वळणाला दिसेनाशी होऊ दे, मग निघा, मागावर आल्यासारखं वाटायला नको तिला. तोवर गप बसा. माझ्याशीही बोलू नका.