होळी एकाच दिवशी पेटत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय नवनीतभाऊ, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या क्रीडा प्रबोधिनीचे मावळते सचिव हेमकांतनाना, व्यासपीठावरचे मान्यवर, प्रशिक्षक मंडळी, पालक आणि माझ्या खेळाडू मुलींनो, सर्वांना नमस्कार.

मी एस्तेर गावित, नवापूरकडची. इथे स्पर्धांचं नियोजन पाहते. नानांना शाल पांघरवण्याचा मान मला दिलात आणि "चार शब्द चांगले बोल" असंही बजावलंत. चांगलंच बोलते. हे मैदान नानांनी उभं केलं. घरचा ट्रॅक्टर आणून माती सपाट केली, मुलींच्या वसतिगृहासाठी भल्याभल्यांशी भांडले. हे कोण नाकारेल?

पण नाना, मला आज राग आलाय, आणि तो गिळून घरी जायची माझी इच्छा नाही.

नोकरी करता करता मी क्रीडा व्यवस्थापनाचा दूरस्थ अभ्यासक्रम केला. सकाळी मैदानावर रेघा आखायला पांढरी फक्की मारून घ्यायची, दुपारी साहित्याच्या खोलीत जाळ्यांच्या ढिगावर बसून पुस्तक उघडायचं. नाना दारातून डोकावून म्हणायचे, "काय वं एस्तेर, टपालवर शिकीसन कोनी मॅनेजर व्हस का?" सगळे हसायचे, मीही हसायचे. पास झाले तेव्हा याच सभागृहात माझा सत्कार झाला, माहितीपत्रकावर फोटो छापला. उच्चशिक्षित व्यवस्थापक! बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू? पण त्यानंतर एकदा तरी कुणी विचारलं का, की बाई, तू शिकलीस काय?

मी हे शिकले, की तारीख ठरवण्याआधी खेळाडू कुठून येतात आणि त्या दिवशी त्यांच्या घरी काय असतं, ते विचारावं. स्वाध्यायाला विषय म्हणून मी आपल्याच निवासी तुकडीची निवड चाचणी निवडली. आपण दरवर्षी होळी आणि धुळवड सोडतो आणि लगेच चाचणी ठेवतो. दोन दिवस सुट्टी दिली, उपकार केले! अहो, सातपुड्यात होळी एकाच दिवशी पेटत नाही. आज या गावची, उद्या पलीकडच्या गावची, म्हणजे एकमेकांच्या होळीला जाता येतं. मी ख्रिस्ती घरातली, आमच्याकडे होळी नसते. तरी मला हे ठाऊक आहे. आणि इतकी वर्षं डोंगरातल्या मुलींना धावायला शिकवणाऱ्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरापलीकडे काही दिसू नये?

गेल्या वर्षी अक्राणीच्या डोंगरातली रेवाबाई पावरा चाचणीच्या दुसऱ्या दिवशी आली. शाळेच्या स्पर्धेत आपल्या तुकडीतल्या मुलींना मागे टाकणारी पोर ही. भावाने होळीचा नवस धरला होता, अंगावर राखेचे ठिपके काढून तो गावोगाव नाचत होता. गावची होळी पेटेपर्यंत घरातलं माणूस हलत नाही. ती पेटली तशी ही आईला घेऊन निघाली आणि थेट फाटकापाशी उभी राहिली. मला म्हणाली, "मॅडम, एकदा पळून दाखवू?" मी नानांकडे धावले. नाना काय म्हणाले? "नियम म्हंजे नियम. ह्या डोंगरन्या पोरी टायमावर येतस नहीत." तिला पळूसुद्धा दिलं नाही. मायलेकी आल्या वाटेने परत गेल्या.

यंदा मी आधीच तारीख बदला म्हणाले. "पुस्तकातलं पुस्तकात ठेव," हे नानांकडून उत्तर मिळालं. चाचणी परवा आहे. परवाच रेवाबाईच्या गावची होळी आहे. पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही. तुकडीत जागा मिळाली नाही, तर होळीनंतर ती घरच्यांबरोबर गुजरातेत मजुरीला जाणार, असं तिच्या आईनेच मला फोनवर सांगितलं. आणि आपण इथे फेटे बांधून बसलोय!

टाळ्या नकोत. कृपा करून नकोत. भावाचं व्रत अर्धवट टाकून येत नाही ती मुलगी बेशिस्त, आणि विचारल्याशिवाय तारीख ठोकतो तो शिस्तीचा, हे मला मान्य नाही. माझा फोटो माहितीपत्रकावर हवा आणि माझं म्हणणं नको, हेही मान्य नाही.

नवनीतभाऊ, घड्याळ दाखवू नका, आवरतेच आहे. मला बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, आपली सर्वांची आभारी आहे. वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढला, निरोपाच्या दिवशी शोभणार नाही असंही काही बोलून गेले असेन. लेक समजून माफ करा.

नाना, हा कार्यक्रम संपेपर्यंत सचिव तुम्हीच आहात. चाचणी आठवडाभर पुढे गेली, एवढं तुम्ही सांगितलंत की झालं. रेवाबाईच्या आईला फोन मी आत्ता इथूनच लावते. हा माईक घ्या. शाल माझ्या हातात आहे, आणि मी इथेच उभी आहे.