पांढरी झोळी

आधी लिहा: सोमवार, पोळ्याचा दुसरा दिवस. हजर: मी गयाबाई, अंगणवाडीची सेविका, मदतनीस कमल, अन् माझं सांगणं लिहून घेणाऱ्या तुमी, ताई. हजेरी घेतल्याबिगर माझं कामच सुरू होत न्हाई.

जन्म माझा शिरड शहापूरच्या अंगाला, गावाबाहेरच्या वस्तीत. बाप मालकाच्या शेतात राबायचा. तिथं चहा मिळायचा, पण आमचा कप वळचणीला खोचलेला. बापानं तो काढायचा, धुवायचा, चहा प्यायचा, पुन्हा धुवून खोचायचा. धुताना तो कप दोन्ही हातांनी छातीशी धरायचा. मी म्हणायची बा, काहून भेतो, तर म्हणायचा फुटला तर दुसरा मागावा लागंल. काय सांगू तुम्हाला, मला ते बराबरच वाटायचं.

पुढं दहावी झाले, लग्न होऊन ह्या गावात आले, सेविका झाले. लेकरांचं वजन करायला काटा असतो, आढ्याला टांगायचा, खाली कापडाची झोळी. सरकारी झोळी निळी, सगळ्यांना तीच. मग इथल्या मोठ्या घरचं नातवंड वजनाला येणार म्हणून कळलं, तवा मी कळमनुरीच्या बाजारातून कोरं मांजरपाट आणून दुसरी झोळी शिवली. कुणी सांगितलं न्हाई. कुणीच सांगितलं न्हाई. कमल म्हणे, बाई, त्यांना अलग काहून? मी म्हणलं गप बस, घरी बसायचंय का दोघींना?

तवापासून मोठ्या घरच्या लेकरांना पांढरी, बाकीच्यांना निळी.

मागच्या महिन्यात त्यांची धाकटी सून आली, नवी, परभणीची. मी खुंटीवरची पांढरी काढून राहिले, तवर तिनं लेकरू निळीत बसवलंबी. आमच्या वस्तीतलं लेकरू आत्ताच उतरलं होतं तिच्यातून. मी तिला म्हणलं ताई, थांबा, तुमची दुसरी हाय. ती हसली, अहो बाई, वजन लेकराचं करायचंय का झोळीचं? तेवढ्यात दारात तिच्या सासूबाई, मोठ्या मालकीणबाई. त्यांनी निळीकडं पाह्यलं, माझ्या हातातल्या पांढरीकडं पाह्यलं, म्हणल्या, ही कशाला गं गया? मी पांढरी पाठीमागं लपवली. त्यांनी नातू उचलला अन् गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, माणूस मोकळं होतं. नुसत्या गेल्या.

आता त्यांच्या गाडीचा आवाज आला की मी ताडकन उभी राहते. कमल म्हणती, बाई, त्यांचं कुत्रं आलं तरी तुमी उठता. हसती मेली. पण व्हय, परवा उठले होते.

उद्या वजनाचा दिवस. त्यांची सून येणार, अन् माझी नात पहिल्यांदा बसणार झोळीत. देवानं तिला माझं भेव देऊ नये, तुमच्या लेकरांनाबी देऊ नये.

काटा पुसला, निळी धुतली, वाळली. पांढरी फाडून फडकी करायचीत. सकाळपासून कात्री मांडीवर हाय, ताई. तेवढं राह्यलंय.