राऊत सरांनी मला समजावलेली दोरी

मंडळी, आधी माफी मागतो. राऊत सरांना जाऊन महिना होत आला आणि मी आज या शोकसभेत तोंड दाखवतो आहे. दोनदा सरांच्या घरी भेटायला निघालो, पालघर स्टेशनपर्यंत आलो आणि परत फिरलो. भीती वाटत होती. आजही वाटते. पाणी नको, बाई, राहू द्या. आधी बोलून घेतो, नाहीतर राहून जाईल.

मी धर्मा, तारापूरच्या कोळीवाड्यातला. शिक्षण चौथीपर्यंत. सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. माझा मुलगा बाळू त्यांच्या हाताखाली शिकला. त्याची मुलगी शेवंती सहा वर्षांची आहे. थंडी पडली की तिचे हातपाय ठणकतात, डोळे पिवळे होतात. पोर किंचाळते. ऐकवत नाही, मंडळी.

सरांनीच तिला मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं. तिचं रक्त काचेवर घेऊन पाहिलं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, तिच्या कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. सर म्हणाले, "काका, आजार जन्मापासूनचा आहे. आईबापांकडून आलेला."

मी त्यातलं अर्धंच ऐकलं. घरी येऊन सुनेला, हिराला म्हणालो, "तुज्या मायेरचं रगत वाईट हाय. आमच्यात असलं कदी नव्हतं." एकदा नाही म्हणालो. रोज म्हणालो. जेवताना म्हणालो, माणसांत म्हणालो. शेवटी ती पोरीला घेऊन उमरोळीला बापाकडे निघून गेली.

हे कळलं आणि सर माझ्या अंगणात आले. मी जाळं विणत होतो. त्यांनी विचारलं, "काका, एवढं मोठं जाळं. कुठे किती घरं घालायची, हे लक्षात कसं राहतं?" मी म्हणालो, "दोरी हाय ना." आमच्या घरात गाठी मारलेली मापाची दोरी आहे, आज्याच्या वेळची. ती देवापाशी असते, घराबाहेर काढायची नाही. हवा तेवढा भाग दुसऱ्या दोरीवर उतरवून घ्यायचा आणि ती नक्कल किनाऱ्यावर न्यायची. विणणारे ती बघून विणतात. काम झालं की नक्कल कुजून जाते. मूळ दोरी घरीच.

सर म्हणाले, "तुमच्या अंगात हेच चालतं." प्रत्येक पेशीत अशी दोरी असते. तिला डीएनए म्हणतात. ती आपली जागा सोडत नाही. तिची नक्कल बाहेर येते, ती आरएनए. शिक्षक मंडळींनो, नावं पाठ केली आहेत, चुकलं तर सांभाळून घ्या. नकलेवरच्या तीन तीन गाठी वाचून एकेक मणी ओवला जातो. मण्यांची माळ झाली की ती प्रथिन. रक्तात श्वास वाहून नेणारं प्रथिन असंच ओवलेलं. शेवंतीच्या दोरीत एका जागी एक गाठ चुकली आहे. एकच. म्हणून एक मणी भलताच येतो, आणि सगळी पेशी वाकते.

मंडळी, सर अंगणातून घरी परतल्यावर मी काय केलं? अंघोळ केली, देवापाशी गेलो, आज्याची दोरी खाली काढली आणि सगळ्या गाठी मोजल्या. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा अंगणात आले, तेव्हा सांगितलं, "मास्तर, मोजली. आमची दोरी बरोबर हाय. खोट तिच्याच घरात."

सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "काका, आज्याची नाही, मी म्हणतो ती दोरी तुमच्या रक्तातली. आणि प्रत्येकाला दोन मिळतात. एक आईची, एक बापाची. एक नीट असली तर माणूस चालतं फिरतं, त्याला काही कळतही नाही. शेवंतीच्या दोन्ही चुकलेल्या आहेत. एक हिराकडून आली. दुसरी?"

मी जाळ्यात मान घालून विणत राहिलो.

"दुसरी बाळूची, काका. आणि त्याला ती तुमच्याकडून आली किंवा काकूंकडून."

मी लगेच विचारलं, "माज्याकडून का तिच्याकडून?"

तेव्हा सर चिडले. "कशाला हवंय? काकूंनाही माहेरी धाडणार का?"

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "सुनेला बोलताना तोंड थांबत नव्हतं. आता का वाचा गेली?"

सर जाताना एवढंच म्हणाले, "उमरोळीला स्वतः जा. बाळूला पाठवू नका. बोललात तुम्ही." मी म्हणालो, "पुडच्या आठवड्यात जातो." पुढच्या आठवड्यात सरांना ताप भरला. मग सर गेले. आणि मी अजून गेलेलो नाही. ते विचारणार नाहीत, म्हणून गेलो नाही, हे खरं आहे.

व्याही, तिसऱ्या ओळीत तुम्ही बसला आहात. उठू नका. हात जोडतो, एवढं ऐकून जा. चार माणसांत तुमच्या लेकीला बोल लावला, म्हणून चार माणसांत सांगतो. चूक हिराची एकटीची नाही. आमच्या घराचीही तेवढीच आहे. आणि खरं तर चूक कोणाचीच नाही. कोणी गाठ मुद्दाम मारली नव्हती. दोष फक्त माझ्या जिभेचा.

सर, तुम्ही अंगणात बसून या म्हाताऱ्याला शिकवलंत. तुम्हाला नमस्कार. मंडळी, सरांसाठी घटकाभर सगळे शांत उभे राहू या.

आणि व्याही, एकच मागणं. थंडी तोंडावर आली आहे. मी उद्याही उमरोळीला यायला तयार आहे. हिरा मला दारात उभं करेल का, तेवढं तिला विचारा. नाही म्हणाली तरी चालेल. पण पोरीचं दुखणं कसं आहे ते सांगा. बाळूला कामावर निरोप द्या, नाहीतर पत्र टाका. लवकर कळवा, व्याही. लवकर कळवा.